आतड्याच्या टाक्यांची परीक्षा उंदरावर कशाला?

धागाकर्ता
आतडं कापून पुन्हा जोडण्याच्या (ॲनास्टोमोसिस) नव्या पद्धती पांढऱ्या उंदरांवर तपासणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. माणसात खरी भीती असते ती जोड गळण्याची. निरोगी, तरुण उंदराचं आतडं मात्र बरेच टाके निमूट सोसतं आणि पोटातला संसर्गही तो चांगला आवरतो. मग नवा गोंद तिथे टिकला, यातून कळलं काय? पुढे उंदीर मारायचा, जोड किती दाबाला फुटतो ते मोजायचं आणि आकडा छापायचा. अशा आकड्यावर रुग्णाचं पोट सोपवायला मी तयार नाही.

प्रतिसाद १
साफ असहमत. २००४ साली रुबिनो आणि मारेस्को या शल्यचिकित्सकांनी लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांत लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला. साखर सुधारली, आणि तिचं श्रेय वजन घटण्याला देता येत नव्हतं. माणसात या दोन गोष्टी अशा सुट्या करणं फार कठीण. आतड्याचा मोठा भाग काढल्यावर उरलेल्या भागातले अन्न शोषणारे अंकुर लांबतात, हेही उंदरांत नीट अभ्यासता आलं.

धागाकर्ता
ते शरीरक्रियेचे प्रश्न आहेत, त्यांना माझा विरोध नाही. मी टाक्यांबद्दल बोलतोय.

प्रतिसाद २
मग टाक्यांबद्दलच बोलू. मुद्दाम कमी टाके घालून किंवा जोडाचा रक्तपुरवठा तोडून उंदरातही गळती घडवता येते. तुमचा आक्षेप निरोगी उंदरावरच्या सोप्या प्रयोगाला लागू पडतो, उंदराला नव्हे. शिवाय मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायला हात कुठे तयार होणार?

धागाकर्ता
हात आधी नळ्यांवर आणि मृत ऊतींवर तयार करा. गळतीचं मॉडेल मान्य, पण तो प्राणी पोटात विष्ठा सांडलेल्या अवस्थेत जगतो. त्याच्या वेदनेचं काय?

प्रतिसाद ३
मला याच जागी सगळ्यात जास्त राग येतो. उंदीर वेदना लपवतो, म्हणून ती नाही असं धरलं जातं. मिटलेले डोळे, आत वळलेले कान यांवरून वेदना मोजायची पद्धत २०११पासून उपलब्ध आहे, ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामकही आहे. उंदराला उलटी होतच नाही, मग भुलीआधी माणसासारखं रात्रभर उपाशी का ठेवायचं? प्राणी टाळा, कमी वापरा, त्रास घटवा ही तत्त्वं रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच मांडली. वेदनाशामक कोणतं, किती वेळा दिलं आणि प्रयोग कोणत्या क्षणी थांबवायचा, हे आधी लिहून दिल्याशिवाय गळतीच्या एकाही प्रयोगाला परवानगी मिळू नये.