अनुभव धागा : चेहऱ्यासाठी घरी लाल प्रकाश वापरलाय का? सविस्तर लिहा

नमस्कार मंडळी.

गेल्या दिवाळीत लेक कॅनडाहून आली तेव्हा तिने माझ्यासाठी लाल प्रकाशाचा मास्क आणला. सिलिकॉनचा, पट्ट्याने डोक्यामागे बांधायचा, आतल्या बाजूला बारीक दिवे. सोबतच्या पुस्तिकेत ६३० नॅनोमीटरचा लाल आणि ८३० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश असं लिहिलं होतं (नॅनोमीटर म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप). मी पुण्याची, वय ४९, रंग गव्हाळ. पाळी जाऊन दीड वर्ष झालंय आणि त्या दीड वर्षात चेहरा असा काही कोरडा पडला की हसताना गाल ओढल्यासारखे व्हायचे. त्यामुळे मास्क अगदी नेमाने लावला. रात्री १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस.

महिनाभर काहीही जाणवलं नाही. दर रविवारी सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, स्वयंपाकघरातल्या एकाच खिडकीशी उभी राहून फोटो काढत होते. अकराव्या रविवारचा फोटो पहिल्याच्या शेजारी ठेवला तेव्हा डोळ्यांखालच्या बारीक रेषा खरोखर कमी दिसल्या आणि चेहऱ्याचा निस्तेजपणा गेला होता. नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या मात्र जशाच्या तशा. मानेलाही काही नाही. मास्क तिथवर पोचतच नाही.

मग एप्रिलमध्ये गालावरचा वांग गडद झाला. धाकट्याच्या बाळंतपणापासूनचा फिकट डाग होता, तो चहाच्या डागासारखा उठून दिसायला लागला. उन्हाने की मास्कने, कळेना. त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, दोन्ही शक्य आहे. उष्णतेने वांग चाळवतो, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग चढू शकतो. त्यात निळा-जांभळा प्रकाश सर्वांत वाईट, लाल त्यामानाने सौम्य. पण मास्कखाली चेहरा तापत असेल तर थांबा. दोन महिने मास्क बंद, आणि आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन सुरू. साधं पांढरं सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

वाचायला मिळतात ते बहुतेक अनुभव गोऱ्या कातडीचे. आपल्या रंगाच्या, आपल्या हवेत राहणाऱ्या माणसांनी लिहिलेलं हवंय. उपकरण किती नॅनोमीटरचं, किती लांबून, किती मिनिटं, किती आठवडे, आणि काय बदललं नाही हेसुद्धा लिहा. विकत घ्यायच्या जागा सांगू नका, तो या धाग्याचा हेतू नाही.

नागपूर, फिजिओथेरपिस्ट

ताई, धागा काढला ते फार बरं झालं. एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यामुळे इजा झालेली मी पाहिली आहे.

आपल्याकडे कंबर-गुडघे शेकायला लाल बल्ब वापरतात. तो उष्णतेचा दिवा आहे, त्याचं कामच ऊब देणं. मास्कमधले एलईडी त्याहून वेगळे. ते ठरावीक लहरींचा प्रकाश देतात आणि त्यांचा परिणाम उष्णतेवर अवलंबून नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं, ते हा प्रकाश शोषतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असं त्याचं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्या एक काकू 'लाल तो लाल' असं समजून घरचा शेकायचा बल्ब रोज अर्धा तास गालासमोर धरत होत्या. तीन महिन्यांनी गालावर जाळीसारखे तपकिरी पट्टे उमटले. थंडीत शेगडीला चिकटून बसणाऱ्यांच्या पायांवर उठतात, तसेच. काकूंचे पट्टे पुसट व्हायला वर्ष गेलं आणि अजून पुरते गेलेले नाहीत.

कृपा करून शेकायचा दिवा चेहऱ्यावर धरू नका. घरात कोणी धरत असेल तर आजच सांगा.

या शास्त्राची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९६०च्या दशकात बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्तेर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लाल लेझर सोडला, कर्करोग होतो का हे पाहायला. कर्करोग झाला नाही, उलट त्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर तोच प्रकाश वापरला.

ठाणे, वय २३

माझा प्रश्न मुरुमांचा. घरचा मास्क निळा आणि लाल असा दोन्ही प्रकाशांचा, निळा ४१५ नॅनोमीटरचा. मुरुमांच्या जिवाणूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते निळा प्रकाश शोषून त्या जिवाणूलाच मारतं. लाल प्रकाश सूज उतरवतो. मी तेव्हा मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेत होतो आणि मास्कबद्दल डॉक्टरांना बोललोच नव्हतो. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी समोर बसवून समजावलं, की या गोळीने कातडी प्रकाशाला हळवी होते. त्रास मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी होतो, तरी गोळ्या चालू असताना आपल्या मनाने दिवे लावायचे नाहीत.

गोळ्या संपल्यावर विचारून पुन्हा सुरू केला, रात्री लावायच्या अॅडापलीन या मुरुमांच्या मलमासोबत. आठ आठवड्यांत लाल सुजलेले मुरुम निम्म्याहून कमी झाले. काळ्या टोकाच्या पुटकुळ्या आणि जुने खड्डे तसेच आहेत. मुरुम गेल्यावर उरणारे काळे डाग निळ्या प्रकाशाने जास्त रेंगाळले असं मला वाटतं, म्हणून आता फक्त लाल लावतो. माझ्यासारखा सावळा रंग असलेल्या कोणी निळा वापरलाय का?

पणजी

मी दोन महिने वापरून सोडून दिला. आमच्याकडच्या दमट हवेत सिलिकॉनखाली पाच मिनिटांत घामाची धार लागायची. कपाळावर आणि हनुवटीवर, जिथे मास्क घट्ट बसतो नेमक्या तिथेच, घामोळ्यासारख्या पुटकुळ्या. रोज पुसून ठेवला, पंख्याखाली बसले, उपयोग शून्य. फायदाही काही दिसला नाही, पण दोन महिने थोडे असतील हे मान्य.

पिंपरी, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर

पणजीच्या ताईंनी मास्कऐवजी समोर ठेवायचं पॅनल पाहावं, चेहऱ्याला काही टेकत नाही. बायकोसाठी मी तेच घेतलं. ६६० आणि ८५० नॅनोमीटर, साधारण फूटभर अंतरावरून.

पॅनल आलं त्या दिवशी अर्धे दिवे पेटेचनात. परत पाठवायला खोकं बांधायला घेतलं आणि लक्षात आलं, ८५० नॅनोमीटर डोळ्यांना जवळपास दिसतच नाही! मोबाइलचा कॅमेरा समोर धरला तर तेच दिवे जांभळट पांढरे चमकताना दिसले. काही फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात दिसत नाहीत, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसतात. 'अर्धे दिवे बंद निघाले' अशी तक्रार करण्याआधी हे करून बघा.

मात्रेचं गणित सोपं आहे. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट प्रकाश पडत असेल आणि तुम्ही १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद बसलात, तर १८ जूल झाले. मागे सरकलात की आकडा घसरतो. विक्रेते बहुधा अगदी जवळून मोजलेला आकडा छापतात, तेही सौर पॅनल तपासायच्या मीटरने, आणि तो मीटर लाल प्रकाशाला फुगवून दाखवतो. जास्त वेळ बसलं की जास्त फायदा, असंही नाही. ठरावीक मात्रेपुढे परिणाम उलट ओसरतो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. बायको आधी अर्धा तास बसायची, आता १० मिनिटं बसते.

आणि डोळे. पॅनलसोबत आलेला चष्मा लावाच. २०१९ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कंपनीने मुरुमांसाठीचा आपला प्रकाश-मास्क डोळ्यांच्या संभाव्य धोक्यामुळे स्वतःहून बाजारातून मागे घेतला होता. पडद्याचा विकार असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

कोल्हापूर

मला कोड आहे, दोन्ही हातांवर आणि ओठाच्या कडेला. 'लाईट थेरपीने कोड जातं' एवढंच ऐकून मी लाल मास्क घेतला, कारण दवाखान्यात जाताना कोणी पाहील ही भीती. विकणाऱ्यानेही 'हो, चालतो की' म्हणून सांगितलं. सात महिने गेले. ओठाकडचा डाग तेवढ्यात गालापर्यंत आला.

मग मावशीने हाताला धरून त्वचाविभागात नेलं. तिथे कळलं, की कोडासाठी वापरतात तो प्रकाश लाल नसतो, तो ३११ नॅनोमीटरचा अतिनील असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सेकंद मोजून देतात. आमच्या पणजीच्या काळी बावचीचं बी लावून उन्हात बसवायचे, त्यामागेही अतिनीलच. बावचीतलं सोरालेन उन्हाबरोबर काम करतं, पण मात्रा हाती नसल्याने फोड यायचे. आता आठवड्यातून दोनदा जाते. चेहऱ्यावर मोहरीएवढे रंगाचे ठिपके परत येऊ लागले आहेत. बोटांवर अजून काही नाही.

ज्यांना कोड आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहिलं. माझे ते सात महिने दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत.

कोपनहेगन

कोल्हापूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

मी राहतो त्या शहरात नील्स फिन्सेन यांनी १८९६ साली प्रकाशाने उपचार करणारी संस्था काढली. चेहरा कुरतडणाऱ्या त्वचेच्या क्षयावर त्यांनी एकवटलेला प्रकाश वापरला आणि १९०३चं नोबेल त्यांना मिळालं. तोही लाल नव्हता. नवल म्हणजे देवीच्या रोग्यांना लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवावं असं त्यांनीच आधी सुचवलं होतं, बाकीचे किरण अडवण्यासाठी.

इथल्या हिवाळ्यात मराठी मंडळी लाल पॅनल घेतात आणि 'ड जीवनसत्त्वही मिळेल' म्हणतात. नाही मिळत. त्याला अतिनील-बी किरण लागतात. मी चार हिवाळे पॅनल वापरतोय, त्वचेची खाज आणि कोरडेपणा थोडा कमी असतो. ड जीवनसत्त्वाची गोळी वेगळी घेतो.

छत्रपती संभाजीनगर

आईला तोंडाचा कर्करोग होता. रेडिएशनच्या आधी रोज काही मिनिटं तोंडाच्या आत लाल प्रकाश द्यायचे, तोंड येऊ नये म्हणून. तोंड आलंच, पण ती शेवटपर्यंत पातळ वरणभात गिळू शकली, नळी घालावी लागली नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांना लागली होती.

उपचार संपल्यावर मी तिच्यासाठी घरी मास्क घेणार होते. डॉक्टरांनी थांबवलं. गाठ होती त्या भागावर घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय काहीही नको म्हणाले. मी ऐकलं. आई आता ठीक आहे, चेहऱ्याला रोज खोबरेल लावते.

पुणे, धागाकर्ती

संभाजीनगरच्या ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

सगळ्यांचं वाचून काल रात्री मास्क तासभर पालथा घालून बघितला. दिवे पेटवून हाताच्या मनगटावर १० मिनिटं ठेवला, खाली स्वयंपाकघरातला थर्मामीटर. ३९ अंश झाले. म्हणजे माझा चेहरा एवढे महिने तापतच होता. पिंपरीच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे लेकीला पॅनलबद्दल विचारलंय. वांग पूर्वीइतका फिकट होईपर्यंत काही सुरू करणार नाही. रविवारचे फोटो चालू आहेत, आजपासून नवव्या रविवारी इथे लिहीन.

ठाण्याच्या दादाच्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. निळा प्रकाश वापरलेलं कोणी आहे का?