शीट म्हणजे शीड नव्हे. मग शीटला मराठीत काय म्हणावे?

कातकाम

गेली तीन वर्षे मी ‘ट्रिंकोमली’ या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेची 1:64 प्रमाणातील लाकडी प्रतिकृती करीत आहे. मूळ जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधले, 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. माझ्या प्रतिकृतीचा सांगाडा शिवणीचा आणि वरच्या फळ्या हळदूच्या आहेत. तिन्ही डोलकाठ्या उभ्या झाल्या असून आता केवळ दोरकाम उरले आहे. केवळ म्हणायचे इतकेच, कारण लाकूडकामाला लागला त्याहून अधिक वेळ याला लागेल असे दिसते.

गणेशोत्सवात आमच्या वसाहतीत हस्तकलेचे प्रदर्शन भरते. तेथे प्रतिकृतीशेजारी मराठी माहितीफलक लावायचा आहे, म्हणून सोबत आलेले इंग्रजी माहितीपत्रक मी संगणकाकडून भाषांतरित करून घेतले. त्यातील एक वाक्य असे: ‘कफनाच्या खालच्या टोकाला मृत डोळा बांधावा, मग अंगण डोलकाठीवर चढवून चादर ओढावी.’ नातीने ते मोठ्याने वाचले आणि जहाजावर कोण वारले, असे विचारले.

ज्यांना यातली इंग्रजी नावे परिचित नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ‘कफन’ म्हणजे श्राउड, डोलकाठीला दोन्ही अंगांनी सावरून धरणारे जाड दोर. ‘मृत डोळा’ म्हणजे डेडआय, तीन भोकांची लाकडी चकती. अशा दोन चकत्यांमधून बारीक दोरी ओवून श्राउड ताणतात. ‘अंगण’ म्हणजे यार्ड, ज्याला शीड टांगतात तो आडवा वासा. ‘चादर’ म्हणजे शीट, आणि खरी अडचण येथे आहे. शीट म्हणजे कापड नव्हे. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेल्या, शीड वाऱ्यात ताणून धरणाऱ्या दोराला शीट म्हणतात. मी हे एका परिचित गृहस्थांना सांगितले, तर ते म्हणाले की शीट म्हणजे आपले शीडच, आणि इंग्रजांनी शब्द आपल्याकडूनच उचलला. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

प्रश्न दोनच आहेत. या दोराला मराठीत नाव आहे काय? आणि ‘रिगिंग’ या सगळ्या दोरकामाला मिळून एक शब्द वापरायचा झाल्यास तो कोणता?

शब्दवेल्हाळ

आपल्या परिचितांना इतक्या सहज चुकीचे ठरवू नये. शीड आणि शीट या शब्दांत फरक केवळ ड आणि ट यांचा आहे, आणि हे दोन वर्ण एकमेकांची जागा घेतात हे कोणीही मान्य करील. माझे तर असे मत आहे की शीड हा शब्द ‘शिडी’पासून आला, कारण जहाजावर चढण्यासाठी दोरांची शिडी असे आणि तिच्या शेजारचे कापड ते शीड. दर्यावर्दी लोकांच्या संगतीने तो शब्द पुढे युरोपात गेला.

साक्षेप

ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नसतो. इंग्रजी शीट हा त्या भाषेतला फार जुना, देशी शब्द आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पहिला इंग्रज उतरण्यापूर्वी कित्येक शतके तो तेथे होता. उलट दिशेनेही शीड इंग्रजीतून आले असे म्हणता येत नाही, कारण शेजारच्या गुजरातीत ‘सढ’ आहे आणि शीड व सढ यांचे नाते शीट आणि शीड यांच्यापेक्षा कितीतरी जवळचे दिसते. शिवाय अर्थ जुळत नाही: तिकडे तो दोर आहे, इकडे ते कापड आहे. शिडीचे म्हणाल, तर ‘शिडाचा’ आणि ‘शिडीचा’ ही रूपे घाईत वाचताना एकमेकांत मिसळतात एवढेच त्यांचे नाते.

खाडीपलीकडे

आम्ही हर्णैकडचे. माझ्या वडिलांच्या मचव्याला यंत्र बसण्यापूर्वी त्यावर एकच मोठे शीड होते. त्या शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला जो दोर असे त्याला वडील ‘दामण’ म्हणत. अचानक वारा फुगला की ‘दामण सोड’ अशी आरोळी येत असे, आणि ती सोडायला उशीर झाला तर मचवा आडवा होण्याची भीती असे. आपण शीटचे जे वर्णन केले आहे ते तंतोतंत दामणीचे आहे. फलकावर निःशंकपणे दामण लिहावे.

सगळ्या दोरांना मिळून एक नाव मात्र आमच्याकडे ऐकल्याचे आठवत नाही. प्रत्येक दोराला त्याच्या कामावरून नाव होते, आणि ज्याला नाव येत नसे त्याला नावेत घेत नसत.

अमृतातेही

दामण हा शब्द वाचून अतिशय आनंद झाला. संस्कृतात ‘दामन्’ म्हणजे दोरी. यशोदेने ज्याच्या उदराला दोरी बांधली तो दामोदर. गुरांना बांधायचे ते दावे, आणि ती ओळीने बांधण्याची ती दावण. कोकणातल्या निरक्षर तांडेलाच्या मुखात तीन हजार वर्षांचा शब्द जिवंत राहिला आणि आपण सुशिक्षित लोक ‘रिगिंग’ला प्रतिशब्द मिळत नाही म्हणून कुरकुरतो आहोत. माझी सूचना अशी की रिगिंगला ‘रज्जुसंभार’ म्हणावे, श्राउडवरच्या आडव्या दोऱ्यांना ‘रज्जुसोपान’ आणि डेडआयला ‘त्रिरंध्रक’. पहिल्यांदा कानाला जड वाटेल. ‘महापौर’, ‘दिनांक’ आणि ‘चित्रपट’ हे शब्दही तसेच वाटले होते.

साक्षेप

दामोदराविषयी पूर्ण आदर राखून एक शंका मांडतो. फारसीत ‘दामन’ म्हणजे वस्त्राचा खालचा काठ, पदर. टॉमस रोबक यांचा इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश 1811 साली कलकत्त्यात छापला गेला. त्यात जहाजावरच्या खलाशांची जी बोली नोंदली आहे तिच्यात पोर्तुगीज शब्दांची रेलचेल आहे: वरच्या शिडाला ‘गावी’, पुढच्या शिडाला ‘तिरकट’. त्या बोलीत शीटला दामनच म्हणत. दामण ही जर नुसती ‘दोरी’ असती, तर नावेवरच्या कोणत्याही दोरीला दामण म्हटले गेले असते. पण खाडीपलीकडे यांच्या वडिलांनी ते नाव नेमके शिडाच्या खालच्या काठाला बांधलेल्या दोरालाच राखून ठेवले होते. मला फारसी पक्ष बळकट वाटतो.

आणि समुद्रावर शुद्ध मराठी शोधायचीच असेल तर सुकाणूपासून आरंभ करावा लागेल, कारण ते अरबी ‘सुक्कान’ आहे. खलाशी अरबी, सारंग फारसी, नाखवा म्हणजे फारसी ‘नाखुदा’. हे सगळे काढून टाकले तर नावेत पाणी तेवढे उरेल.

अमृतातेही

‘दावण’ही नेमकी गोठ्यातच असते, विहिरीवरच्या दोराला कोणी दावण म्हणत नाही, म्हणून ती फारसी ठरते काय? शब्दाचा अर्थ आकुंचित होणे हे भाषेत नित्याचे आहे. शिवाय आपल्याकडे ण आहे, न नाही. फारसीतून आलेला शब्द दामन असाच राहिला असता.

खाडीपलीकडे

वडिलांना संस्कृत येत नव्हते आणि फारसीही येत नव्हती. ते ण म्हणत की न, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही, कारण तो शब्द मी नेहमी वाऱ्यात आणि ओरडून म्हटलेलाच ऐकला आहे.

त्रिताल

मी तबला शिकवतो, जहाजांविषयी मला काही कळत नाही; तरीही डेडआयचे वर्णन वाचून हात शिवशिवले. तबल्याच्या वाद्या ताणण्यासाठी त्यांच्याखाली लाकडी गट्टे बसवतात आणि हातोडीने ते खालीवर सरकवून स्वर चढवतात किंवा उतरवतात. आपली तीन भोकांची चकती दुसरे काय करते? दोर सैल झाला की तो ताणून घेण्याची सोय, एवढेच. तिला गट्टा म्हणावे. आणि संपूर्ण दोरकामाला ‘साज’ म्हणावे. घोड्याला साज असतो, वाद्याला साज असतो, तर जहाजाने काय पाप केले आहे? साज चढवलेले जहाज म्हटले की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. रज्जुसंभार म्हटले की मला आमच्या संस्कृतच्या गुरुजींची छडी दिसते.

कातकाम

साज हा शब्द मनात भरला. गट्टा मात्र अडचणीचा आहे, कारण गट्टा दोराखाली सरकतो आणि डेडआयमधून दोरी आरपार जाते. तिला फिरणारे चाक नसते, म्हणून ती कप्पीही नव्हे. मी सध्या मनाशी तिला ‘आंधळी कप्पी’ म्हणतो. अशा पाऊण सेंटिमीटरच्या चकत्या डझनांनी कोरताना याहून वाईट नावेही तोंडात आली आहेत.

आडव्या दोऱ्यांविषयीही सांगतो. मूळ जहाजावर त्या एकमेकींपासून सुमारे 15 इंचांवर असतात, म्हणजे 1:64 प्रमाणात जेमतेम 6 मिलिमीटर. प्रत्येक ठिकाणी खुंट्याला मारतात तसली दोन वेढ्यांची गाठ मारावी लागते आणि दोरा आधी मेणावर ओढून घ्यावा लागतो, नाहीतर त्याची कुसे उभी राहतात आणि जहाजाला दाढी आल्यासारखे दिसते. रज्जुसोपान लिहायला मला हरकत नाही, परंतु हजारावर गाठी मारून झाल्यावर मी त्यांना दोरपायऱ्या म्हटले तर अमृतातेही यांनी क्षमा करावी.

श्राउडला ‘तणावा’ कसा वाटतो? तंबूच्या दोरांना आपण तणावेच म्हणतो, आणि काम अगदी तेच आहे.

शब्दवेल्हाळ

तणावा उत्तम आहे, आणि तो निदान शंभर टक्के आपला आहे. ताण देतो तो तणावा.

साक्षेप

‘तनाब’ म्हणजे तंबूचा दोर, आणि तो शब्द अरबीतून फारसीत व तेथून आपल्या छावण्यांत आला. मात्र या वेळी मी आग्रह धरणार नाही, कारण ‘ताण’ शेजारी असल्यामुळेच तो मराठीत इतका रुळला असावा. दोन घरांनी मिळून एक मूल वाढवले म्हणावे.

शब्दवेल्हाळ

मग आता डोलकाठीही अरबी म्हणा! वाऱ्याने डोलते ती डोलकाठी, आणि तिच्याखाली बसतो तो डोलकर, हे लहान मुलालाही कळते.

साक्षेप

आपण विनोदाने म्हणालात, पण अरबीत डोलकाठीला ‘दकल’ म्हणतात. त्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची जी यादी आहे तीत तख्ते, सोट यांच्याबरोबर ‘डोलाच्या काठ्या’ येतात. म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी डोल हे स्वतंत्र नाम होते आणि काठी ही त्या डोलाची होती. ‘डोलणारी काठी’ हा अर्थ नंतर बसवलेला दिसतो.

खाडीपलीकडे

डोलकराविषयी एवढेच सांगतो की तो डोलकाठीखाली बसतो म्हणून डोलकर नव्हे. डोल हे जाळ्याचे नाव आहे. खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीत पसरतात ते पिशवीसारखे लांब जाळे. ते लावणारा तो डोलकर. पर्यटकांना हे सांगितले की ते हिरमुसतात, म्हणून आम्ही हल्ली सांगत नाही.

कातकाम

शब्दवेल्हाळ यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. जहाजाची काठी डोलू लागली तर ती मोडते. ती डोलू नये म्हणूनच तर सगळे तणावे असतात. हे तणावे जागचे हलत नाहीत, त्यांना डांबर फासत, म्हणून प्रतिकृतीत त्यांच्यासाठी काळपट दोरा वापरतात. शीड आणि वासा हलवणारे जे दोर सतत ओढले-सोडले जातात ते फिकट, काथ्याच्या रंगाचे ठेवतात. या दोन जातींना मी फलकावर ‘स्थिर साज’ आणि ‘चल साज’ असे लिहिले आहे.

खाडीपलीकडे

उभे दोर आणि ओढते दोर, असे लिहिले तर शाळकरी मुलालाही कळेल.

एक आक्षेप आहे. आपण मघाशी यार्डला आडवा वासा म्हणालात. घराला वासा असतो, नावेला परबाण. पण तेही आपल्या जहाजाला लावताना मला संकोच वाटतो, कारण आमची परबाण काठीवर तिरपी चढते, तिचे एक टोक नाळेकडे, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाकडे, खाली आणि दुसरे आभाळात. आपल्या फ्रिगेटचे वासे काठीवर आडवे, फुली मारल्यासारखे. ते दिसायला इतके वेगळे आहे की आमच्याकडचा म्हातारा त्याला परबाण म्हणणार नाही.

साक्षेप

त्याच रोबक यांच्या कोशातल्या खलाशांनी मात्र इंग्रजी जहाजांवरच्या आडव्या वाशांनाही ‘परवान’ म्हटले. तिरपी परबाण घेऊन मोठ्या जहाजावर गेलेल्या माणसाने तेथे जे दिसले त्याला आपल्याच घरचे नाव दिले असे मानले, तर ट्रिंकोमलीवर परबाण लिहिण्यात वावगे काहीच नाही. उलट मुंबईत बांधलेल्या जहाजावर तेच शोभेल.

अमृतातेही

परबाण मान्य, तणावाही नाइलाजाने मान्य. मात्र दामणीच्या ण वर मी ठाम आहे, आणि फलकावर तिच्या पुढे ‘संस्कृत दामन्’ एवढे कंसात यावे ही विनंती.

साक्षेप

तसे केल्यास त्याच कंसात ‘फारसी दामन’ हेही यावे लागेल.

कातकाम

फलक केवळ दीड फूट रुंद आहे. त्यावर वाडियांचे नाव, सन, प्रमाण आणि लाकडाचे प्रकार आल्यावर दोरांसाठी चार ओळी उरतात. कंस बसणार नाही, कोणाचाच. आजचे छायाचित्र जोडले आहे. पुढच्या डोलकाठीचे मोठे शीड काल रात्री बांधून झाले.

खाडीपलीकडे

छायाचित्र मोठे करून पाहिले. काम सुबक आहे. परंतु पुढच्या मोठ्या शिडाची डावीकडची दामण आपण तणाव्यांच्या आतून नेली आहे. ती बाहेरून, जहाजाच्या कडेला मागे जायला हवी. आतून नेली तर शीड बाहेर फुगले की दोर तणाव्यावर घासून तुटेल. उजवीकडची बरोबर आहे. नाव कोणतेही द्या, गणपती यायच्या आत ती डावीकडची सोडवून पुन्हा बांधा.