मदत हवी आहे : आजीचे १९ कलदार, जत्रेतला १९११ चा रुपया, आता पुढं काय?

शेतातला माणूस

राम राम मंडळी. मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यावरचा. सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मागच्या साली आजी गेली. तिच्या पेटीत लुगड्यांखाली चांदीचे १९ रुपये निघाले. बहुतेक जॉर्ज पंचमचे, १९१७ ते १९२० चे. चार राणी छाप आहेत, त्यातल्या तिघांवर १८६२. दोन रुपयांना कडी जोडलेली आहे, म्हणजे कधीकाळी माळेत असावेत. मोठ्या काकूनं त्यातले सहा चिंच आणि राख लावून आरशासारखे लखलखीत केले. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

तालुक्याच्या सराफानं सगळे एकदम काट्यावर टाकले, घट धरली आणि मोडीचा भाव सांगितला. यूट्यूबवाला म्हणतो वैष्णोदेवीचं नाणं लाखात जातं. दोघांच्या मध्ये मी.

एवढ्यात नाद लागला. एका जत्रेत पालावर १९११ चा रुपया दिसला. ‘हा डुकरी रुपया, लय दुर्मिळ’ असं म्हणत पालवाल्यानं ६,५०० घेतले. घरात अजून कोणाला सांगितलं नाही. यंदा सोयाबीनचे पैसे आले की चाळीस-पन्नास हजार यात टाकावे असं डोक्यात आहे. नीट संग्राहक व्हायचं तर सुरुवात कुठून करू?

अजून एक. शेजाऱ्याला विहीर खोदताना गाडग्यात काळी, बारीक नाणी सापडली, एका बाजूला हत्ती दिसतो. एक जण किलोनं मागतोय.

सोनाराचा पोरगा

भाऊ, सराफावर रागावू नको. आमच्या दुकानात आजोबापासून हेच पाह्यत आलो. सराफ चांदी घेते, साल नाही घेत. एका कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅमच्या आसपास. आजच्या भावानं गुणाकार कर, हा तुझा खालचा आकडा. त्याच्या खाली कोणाले देऊ नको.

पण १९४० पासूनचा रुपया आला तर सावध. त्यात चांदी निम्मीच. १९४७ चा तर निकेलचा, त्याले चांदी म्हणून इकणारेही पाह्यले मी.

आन् काकूले सांग, बाकीच्या तेरांले हात लावू नको म्हणा.

कलदार

काकूंचे सहा गेले, त्याचं दुःख नको, पण समजून घ्या. शंभर वर्षांत चांदीवर जो सावळा थर चढतो तो संग्राहकाला हवा असतो. घासलं की त्याबरोबर राजाच्या दाढीचे आणि झग्याचे बारीक उठावही झिजतात, आणि भिंगाखाली ओरखड्यांचं जाळं दिसतं. कडी लावलेले दोन चांदीच्या भावातच धरा. कडी काढू नका, जोडाची खूण राहतेच. तशीच ठेवली तर निदान आजीची माळ म्हणून ती घरात राहतील.

आता दुर्मिळतेचं. १९१७ ते १९२० चे रुपये कोट्यवधींनी पाडले. पहिल्या महायुद्धात इथं चांदी एवढी कमी पडली की १९१८ मध्ये अमेरिकेनं स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्यामुळे शंभर वर्षं जुना असूनही तुमचा १९१९ चा रुपया गावोगाव सापडतो. १८६२ चंही तेच. टाकसाळीनं १८७४ पर्यंत सालच बदललं नाही, म्हणून तुमच्या तीन राण्या १८७० च्याही असू शकतात. त्यांचे छापातले बारीक फरक आणि ठिपके मोजून साल लावणारे लोक आहेत. हा खरा नाद, पैसा कमी आणि डोळे जास्त लागतात.

पन्नास हजारांचा विचार तूर्त सोडा. नाणं घेताना दुकानदाराचा नफा तुम्ही देता आणि विकतानाही तुम्हीच देता. आज घेतलेलं उद्या विकायला गेलात तर तोटाच. शेतीचा पैसा, जो जूनमध्ये बियाण्याला परत लागणार आहे, तो यात अडकवू नये. पेरणी नाण्यासाठी थांबत नाही.

सुरुवात करायचीच तर एकच विषय धरा. तुमच्याकडे जॉर्ज पंचम आहे, तोच घ्या. प्रत्येक साल, आणि बहुतेक सालांच्या दोन टाकसाळी. मागच्या बाजूला खालच्या फुलाशी उठावाचा बारीक ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. १९२१ आणि १९२२ चे त्यामानानं कमी मिळतात. वर्षभर फक्त पाहा, लिलावात काय भावानं गेलं ते वहीत लिहा. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममध्ये ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. नाणं कडेला धरायचं, तळहातावर नाही.

१९११ च्या रुपयाचा फोटो टाका. आणि घरी दोन परीक्षा करा. पहिली, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. खरा कलदार १.१३ च्या आसपास दाखवेल. निम्म्या चांदीचा असेल तर १.२२. दुसरी, भिंग घेऊन राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती बघा. १९११ मध्ये त्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसला. लोक चिडले, सरकारनं नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून ‘डुकरी’.

खरेदी चालू आहे

वैष्णोदेवी असेल तर मेसेज करा, आधी नोंदणी फी लागेल.

कलदार

वरच्याला कोणी उत्तर देऊ नका. जुन्या नाण्यांसाठी आधी फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच सावध केलं आहे. हे लोक बँकेचंच नाव आणि चिन्ह वापरतात.

निवृत्त गुरुजी

शेजाऱ्याला आजच सांगा, एकही नाणं विकू नका, घासू तर मुळीच नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लपवलं तर त्याचा हिस्साही जातो आणि वर गुन्हा. कळवलं आणि बेवारस ठरलं, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला हवं असेल तर नुसत्या धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेतं.

तुमचाच तालुका म्हणून सांगतो. तऱ्हाळा तुमच्याकडचंच. तिथं १९३९ मध्ये सातवाहनांची पोटिनची, म्हणजे तांबं, शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाची, नाणी ढिगानं निघाली. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला क्रॉसनं जोडलेली चार वर्तुळं. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांवरची अक्षरं लावली, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेले राजे सापडले. ती नाणी किलोनं गेली असती तर ती नावं भट्टीत गेली असती. शेजाऱ्याच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला काय आहे, एवढं मात्र मला कळवा.

शेतातला माणूस

शेजाऱ्याला घेऊन तहसीलला गेलो, अर्जाची पोच घेतली. गुरुजी, मागं चार गोलच आहेत. तो आधी माझ्यावर भडकला, आता गावभर सांगत फिरतोय की माझ्या विहिरीत राजे निघाले.

१९११ चा रुपया पाण्यात १.१३. मी उड्याच मारल्या. मग पोरीच्या प्रयोगाच्या पेटीतलं भिंग आणलं. हत्तीला सोंड आहे. चांगली लांब, खाली वळलेली. शेवटच्या १ च्या बाजूची जागा मात्र जरा खोलगट, घासल्यासारखी. पोरगी म्हणे, बाबा, इथं ४ होता.

६,५०० चं घरात सांगितलं आज. काकू म्हणाली, आण इकडं, घासून देतो.