27 मे 1999, बटालिक: दोन मिग गेली ती इंजिनामुळे की आखणीमुळे?

रानवारा
कारगिलच्या हवाई कारवाईत नचिकेतांचं मिग-27 ‘इंजिन बंद पडल्यामुळे’ गेलं, एवढं म्हणून लोक पुढे सरकतात. मला ते पटत नाही. ऑपरेशन सफेद सागरचा, म्हणजे त्याच हवाई कारवाईचा, तो दुसराच दिवस. नऊ नंबर स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता 80 मिमी रॉकेटं डागत होते. रॉकेटचा धूर तापलेला असतो आणि त्यात ऑक्सिजन नसल्यातच जमा. तो इनटेकमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडातून, आत ओढला गेला की कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर एका अंगाने गरम आणि एका अंगाने थंड हवा येते. पाती हवा पुढे ढकलेनाशी होतात, प्रवाह उलटतो, ज्योत विझते. खाली, दाट हवेत, इंजिन यातून सावरण्याची शक्यता जास्त. 6000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असते. एकाच इंजिनाच्या विमानाला तिथे रॉकेटं लावून पाठवणं ही आखणीतली चूक होती. नचिकेतांना शोधताना स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग क्षेपणास्त्राने पडलं आणि ते गेले, म्हणून ही चूक मला जास्त लागते.

काळाकातळ
मग काय लावायचं होतं? मिराजचे लेझर बॉम्ब टायगर हिलवर पडले ते 24 जूनला. मे महिन्यात हाताशी होती रॉकेटं, तोफ आणि साधे बॉम्ब. शत्रूचे संगर म्हणजे धारेवर रचलेले दगड, एकेक दोन-तीन मीटरचा. विरळ हवेत बॉम्ब साइटच्या (नेम धरायच्या यंत्राच्या) हिशोबापेक्षा पुढे जातो. वीस-तीस मीटर हुकला की थेट पलीकडच्या दरीत. शिवाय ताबारेषा ओलांडायची नाही, हा सरकारचा हुकूम. त्यामुळे रेषेला समांतरच यायचं, म्हणजे येण्याच्या वाटा दोनच, आणि त्या खालच्यालाही ठाऊक. याला आखणीची चूक म्हणणं हवाईदलावर अन्याय आहे.

इंजिन पुन्हा पेटवायचा प्रयत्नही झाला होता. थ्रॉटल मागे, नाक खाली, वाऱ्यावर कॉम्प्रेसर फिरता ठेवायचा, टर्बाइनचं तापमान उतरलं की इग्निशन. याला 25 सेकंद धरा. सेकंदाला 40 मीटर उतरत असाल तर हजार मीटर तिथेच संपले, आणि खाली 5000 मीटरची धार. इजेक्ट होण्यावाचून पर्याय नव्हता.

रानवारा
तुमच्याच हिशोबाने माझं म्हणणं खरं ठरतं. पुन्हा पेटवायला उंची उरणार नाही हे कागदावर आधीच दिसत होतं. एका दाबात सगळा पॉड (पंखाखालचं रॉकेटांचं नळकांडं) रिकामा न करता थोडी थोडी रॉकेटं सोडता येतात, इनटेकमध्ये जाणारा धूर तेवढा कमी. हे मिग आपल्याच ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) तयार झालेलं विमान. त्या उंचीवर रॉकेटं डागायची चाचणी युद्धाआधीच व्हायला हवी होती.

नकाशावाला
तुम्ही दोघं इंजिनातच अडकलात. खरा प्रश्न खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा. त्यांची पोच डागणाऱ्याच्या डोक्यावर साधारण 3500 मीटर. तो मैदानात असेल तर 4000 मीटरवरचं विमान सुखरूप. तोच 5000 मीटरच्या धारेवर बसला तर 8500 मीटरपर्यंत त्याचं राज्य. रॉकेट अचूक लागायला दीड-दोन किलोमीटरवर यावं लागतं, म्हणजे त्याच्या कक्षेत शिरावंच लागतं. आणि हे आधी कळलं नव्हतं असंही नाही. 21 मे रोजी टेहळणीवरच्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागलं होतं, ते एका इंजिनावर परत आलं. इशारा मिळाल्यावर सहाव्या दिवशी विमानं तेवढ्याच खाली होती.

काळाकातळ
ही गोष्ट मान्य. पण त्याच न्यायाने आहुजांना दोष देऊ नका. त्यांचं काम फोटो टेहळणीचं होतं, सतरा नंबर स्क्वाड्रनचं मिग-21. क्षेपणास्त्रं आहेत हे माहीत असून ते नचिकेतांना शोधत तिथेच थांबले, कारण खाली उतरलेल्या वैमानिकाची जागा पक्की कळल्याशिवाय हेलिकॉप्टर पाठवायचं कुठे?

नकाशावाला
त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नाहीच. माझा आक्षेप त्यांच्यावर हे काम पडलं यावर आहे. जागा नोंदवायला एक फेरी पुरते: जीपीएसचा आकडा, वेळ, कुठली धार, रेडिओवर कंट्रोलरला कळवायचं आणि वर चढायचं. त्यापुढचा शोध 9000 मीटरवरच्या दुसऱ्या विमानाने घ्यायचा. ते दुसरं विमान आधीच नेमलेलं हवं होतं.

रानवारा
एका फेरीत त्या खडकाळ उतारावर पॅराशूट दिसेल, हे तुम्ही फार सहज धरताय. 9000 मीटरवरून तर माणूस दिसतच नाही. मी आखणीला दोष देतो, थांबण्याला नाही. आहुजा जिवंत उतरले होते. शवविच्छेदनात गोळ्यांच्या दोन जखमा सापडल्या. नचिकेता युद्धकैदी म्हणून आठवड्याने परत आले, आहुजांना ती संधीसुद्धा दिली गेली नाही. हा गुन्हा मारणाऱ्यांचा, तो आखणीच्या खात्यावर टाकू नये.

नकाशावाला
टाकत नाही. पण 28 मे बघा. आदल्या दिवशी दोन विमानं गेलेली, तरी तोलोलिंगवर रॉकेटं घेऊन गेलेल्या एमआय-17 तुकडीतल्या एका हेलिकॉप्टरवर फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवायला सोडायचे जळते गोळे) नव्हते. तेच पडलं, चौघे गेले. हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढली आणि विमानं वर नेली ती यानंतर. हा निर्णय 22 मे रोजी घ्यायला काय हरकत होती, एवढं काळाकातळ यांनी सांगावं.