मदत हवी आहे : कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या करावर मत देताना नेमके काय तपासावे?

मुळामुठा

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात स्थानिक कम्युनिटी कॉलेजसाठी (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजसाठी) घरमालकांवर जादा कर बसवायचा की नाही, हा प्रश्न थेट मतदारांपुढे येतो. आमच्या भागातील बरेच मराठी लोक अलीकडेच नागरिक झाले आहेत. त्यांच्यासाठी मंडळातर्फे एक माहितीसत्र होणार असून त्यातील हा विषय माझ्याकडे आला आहे. महाराष्ट्रात महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात राज्याचा शिक्षण कर मुकाट्याने लागून येतो आणि तो असावा का, असे कोणी घरमालकाला विचारत नाही. त्यामुळे मतपत्रिकेवर असा प्रश्न पहिल्यांदा दिसला की माणूस बुचकळ्यात पडतो आणि बहुधा ती ओळ कोरी सोडून पुढे जातो. तसे होऊ नये, एवढाच सत्राचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून मी सिलिकॉन व्हॅलीतील फूटहिल आणि डी अँझा ही दोन कॉलेजे चालवणाऱ्या फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टचे ३ मार्च २०२० चे मतदान निवडले आहे. त्या एकाच दिवशी या डिस्ट्रिक्टचे दोन प्रस्ताव मतपत्रिकेवर होते. मेझर जी हा ८९ कोटी ८० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव होता आणि त्यासाठी असेस्ड व्हॅल्यूच्या (करासाठी कौंटीने नोंदलेल्या घराच्या मूल्याच्या) दर १ लाख डॉलरमागे सुमारे १६ डॉलर कराचा अंदाज दिला होता. मेझर एच हा पाच वर्षांसाठी प्रत्येक पार्सलमागे (करासाठी नोंदलेल्या जमिनीच्या तुकड्यामागे) वर्षाला ४८ डॉलर घेण्याचा होता. पहिला मंजूर झाला आणि दुसरा पडला. ज्या मतदारांनी जवळजवळ ९० कोटींच्या कर्जाला होकार दिला, त्यांना ४८ डॉलर जड झाले असतील, हे काही पटत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. या दोन प्रस्तावांना वेगवेगळे निकष का लावले गेले? मंजूर झालेल्या पैशातून प्राध्यापकांचे, विशेषतः तासिकेवर शिकवणाऱ्यांचे, पगार वाढू शकतात का? माझ्या घराला किती भार पडेल याचा हिशेब कसा करायचा? आणि एकदा होकार दिल्यानंतर त्या पैशावर मतदाराचे काही नियंत्रण उरते का? कृपया ‘हो म्हणा’ किंवा ‘नाही म्हणा’ असा सल्ला देऊ नये. रचना समजावून सांगितली तर उपकार होतील.

तिरकस रेघ

पहिल्या दोन शंका एकाच मुळाच्या आहेत, म्हणून एकत्र उत्तर देतो. थोडे मागे जावे लागेल.

१९७८ पूर्वी कॉलेज डिस्ट्रिक्टचे निवडून आलेले विश्वस्त मंडळ स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून आपला बराचसा खर्च भागवत असे आणि राज्यातील विद्यार्थ्यांना शिकवणीशुल्क नव्हते. जून १९७८ मध्ये हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी पुढे आणलेले प्रपोझिशन १३ (राज्यभर मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मतदारांनी मंजूर केले. त्यामुळे सर्वसाधारण प्रॉपर्टी टॅक्स १ टक्क्यावर गोठला, घर विकले जाईपर्यंत त्याचे असेस्ड मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढेल असे ठरले आणि कोणत्याही विशेष (ठरावीक कामासाठीच्या) करासाठी दोन तृतीयांश मतांची अट आली. तो १ टक्का कोणाला किती वाटायचा, हे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, ठरू लागले. कॉलेजच्या दैनंदिन खर्चाची दोरी त्या दिवशी स्थानिक मतदाराच्या हातून सुटली आणि ती आजतागायत परत आलेली नाही. १९८४ मध्ये विद्यार्थ्यांवर पहिल्यांदा सर्वत्र शुल्क बसले. आज ते सेमिस्टर पद्धतीत युनिटमागे ४६ डॉलर आहे आणि डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ३१ डॉलर. हा आकडाही राज्य ठरवते.

इमारतींची कथा वेगळी आहे. प्रपोझिशन १३ नंतर स्थानिक कर्जरोख्यांचा मार्गच बंद झाला होता. तो १९८६ मध्ये दोन तृतीयांशाच्या अटीवर पुन्हा उघडला. मार्च २००० मध्ये ही अट साध्या बहुमतावर आणण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रपोझिशन ३९ द्वारे ५५ टक्क्यांचा मधला मार्ग काढला गेला. (ते स्वतः सुमारे ५३ टक्क्यांनी मंजूर झाले, म्हणजे त्याने इतरांना घातलेली अट त्याला स्वतःला पार करता आली नसती.) या सवलतीची किंमत अशी, की ५५ टक्क्यांनी मंजूर झालेला पैसा बांधकाम, दुरुस्ती, साहित्य आणि जागा यांवरच खर्च करता येतो, शिक्षकांचे व प्रशासकांचे पगार किंवा इतर चालू खर्च त्यातून करण्यास राज्यघटनेतच मनाई आहे.

म्हणून तुमच्या उदाहरणात मेझर जी ला ५५ टक्के पुरेसे होते. मेझर एच हा पार्सल टॅक्स, म्हणजे पगारासारख्या चालू खर्चालाही वापरता येणारा विशेष कर, होता आणि त्याला दोन तृतीयांश मते लागत होती. तेवढी मिळाली नाहीत म्हणून तो पडला. मतदारांना ४८ डॉलर जड झाले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत विचित्र गोष्ट हीच आहे, की प्रयोगशाळा बांधण्यास होय म्हणणे सोपे आहे आणि त्या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्याला पूर्णवेळ नेमण्यास होय म्हणणे जवळपास अशक्य.

जवळपास म्हणतो, कारण सॅन फ्रान्सिस्कोने ते करून दाखवले आहे. २०१२ मध्ये तेथील सिटी कॉलेजची मान्यता धोक्यात आली असताना शहराने ७९ डॉलरचा पार्सल टॅक्स दोन तृतीयांशाहून अधिक मतांनी मंजूर केला आणि २०१६ मध्ये तो ९९ डॉलरवर नेला. त्याच शहराने २०२२ मध्ये आणखी एक पार्सल टॅक्स मात्र फेटाळला.

जमाखर्च

हिशेबाचे मी सांगतो. लोक झिलो या घरांच्या किमती दाखवणाऱ्या संकेतस्थळावरची किंमत घेऊन गुणाकार करतात आणि घाबरतात. कर बाजारभावावर नसून कौंटीच्या बिलावरील असेस्ड व्हॅल्यूवर लागतो. समजा, तुमच्या घराचे असेस्ड मूल्य १२ लाख डॉलर आहे, तर १६ डॉलरच्या दराने वर्षाला १९२ डॉलर होतात. शेजारच्या तशाच घरात कोणी चाळीस वर्षांपासून राहत असेल आणि त्याचे असेस्ड मूल्य ३ लाख असेल, तर त्याला ४८ डॉलर पडतात. म्हणजे त्या शेजाऱ्याच्या दृष्टीने मेझर जी आणि मेझर एच यांचा वार्षिक भार नेमका सारखाच होता, आणि नुकतेच घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी पहिला दुसऱ्याच्या चौपट. तुमच्या श्रोत्यांपैकी बहुतेक जण या दुसऱ्या गटातील असणार, तेव्हा ही तुलना फळ्यावर मांडाच.

पार्सल टॅक्सचा अन्याय वेगळ्या दिशेचा आहे. तो पार्सलमागे सरसकट असेल, तर लहानसे टाउनहोम आणि एकाच पार्सलवर उभी असलेली शंभर सदनिकांची भाड्याची इमारत दोन्ही ४८ डॉलरच देतात. बऱ्याच पार्सल टॅक्समध्ये ज्येष्ठांना सूट असते, पण ती बहुधा अर्ज करून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट, १६ डॉलर हा अंदाज आहे. कर्जरोखे टप्प्याटप्प्याने विकले जातात आणि त्या वर्षीचा हप्ता व डिस्ट्रिक्टमधील एकूण असेस्ड मूल्य यांवरून दर वर्षी प्रत्यक्ष दर काढला जातो. प्रपोझिशन ३९ खाली कम्युनिटी कॉलेजच्या एका प्रस्तावासाठी दर १ लाखामागे २५ डॉलरची मर्यादा आहे. मात्र जुन्या प्रस्तावांचा कर संपलेला नसतो. या डिस्ट्रिक्टमध्ये १९९९ चे आणि २००६ चेही कर्जरोखे मंजूर झालेले आहेत, त्यामुळे बिलावर प्रत्येक वेळचा भार वेगळा पाहावा. मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांत बसवलेला असतो. त्यावर विसंबू नये. कौंटीच्या मतदार माहितीपुस्तिकेत टॅक्स रेट स्टेटमेंट छापलेले असते, त्यात सर्वाधिक दर, तो कोणत्या वर्षी अपेक्षित आहे आणि व्याजासह एकूण परतफेड किती, हे दिलेले असते. मी स्वतः आधी ती शेवटची रक्कम पाहतो आणि मगच बाजूची व विरोधाची निवेदने वाचतो.

गच्चीवरचा

नियंत्रणाबद्दल वरील दोघेही बोलले नाहीत, म्हणून लिहितो. कायद्यानुसार ५५ टक्क्यांच्या अटीवर मंजूर झालेल्या प्रस्तावानंतर किमान सात जणांची नागरिक देखरेख समिती नेमावी लागते. तीत ज्येष्ठ नागरिक, करदात्यांची संघटना, व्यापारी आणि विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि दर वर्षी आर्थिक व कामकाजाचे लेखापरीक्षण होते. कागदावर हे उत्तम आहे. परंतु समितीची नेमणूक ज्या विश्वस्त मंडळावर तिने लक्ष ठेवायचे तेच मंडळ करते, आणि खर्च झाल्यावर अहवाल वाचण्यापलीकडे तिला फारसे अधिकार नाहीत. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने २००१, २००३ आणि २००८ मध्ये मिळून सुमारे ५७० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर करून घेतले होते. त्या बांधकामांतील उधळपट्टी शेवटी २०११ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या लेखमालेतून लोकांपुढे आली. तरीही तेथील मतदारांनी २०१६ मध्ये ३३० कोटींना आणि २०२२ मध्ये ५३० कोटींना मान्यता दिली. याला विश्वास म्हणावे की विसराळूपणा, ते ज्याचे त्याने ठरवावे. मी प्रस्तावासोबतची कामांची यादी वाचतो, आणि तीत प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक इमारतीला लागू पडेल अशी मोघम वाक्येच असतील तर नकार देतो.

मुळामुठा

तिघांचेही मनापासून आभार. ३ लाख आणि १२ लाखांचे उदाहरण तसेच्या तसे वापरणार आहे.

वाचताना दोन नव्या शंका आल्या. डी अँझाच्या आवारातील फ्लिंट सेंटर हे नाट्यगृह, जेथे १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश संगणक जगापुढे आला, ते २०१९ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा मतदारांना विचारल्याचे कोठे वाचले नाही. मग कोणत्या गोष्टी मतदानाला जातात आणि कोणत्या जात नाहीत? आणि आमच्याकडे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेली, घर घेतलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या बिलात हा कर येतो, पण मत नाही, हे बरोबर आहे ना?

तिरकस रेघ

दुसरे आधी. होय, बरोबर आहे. कर मालमत्तेवर आहे आणि मत नागरिकत्वावर. एच-१बी वरील घरमालक पूर्ण कर भरतो आणि त्याला मत नसते. त्याच गल्लीत भाड्याने राहणारा नागरिक थेट बिल न भरता मत देतो. भाडेकरूला भार पडत नाही असे समजू नये, मालक तो भाड्यात वसूल करू पाहणारच. मत नसलेल्यांनाही विश्वस्त मंडळाच्या सभेत उभे राहून बोलता येते. सभा खुल्या असतात आणि कोणाचे नागरिकत्व विचारले जात नाही, हे सत्रात आवर्जून सांगा.

पहिल्या शंकेचे उत्तर असे, की मतदार नवा कर किंवा नवे कर्ज यांना होकार वा नकार देतात. कोणती इमारत पाडायची, कोणता अभ्यासक्रम बंद करायचा, कोणाला नेमायचे, हे पाच निवडून आलेले विश्वस्त ठरवतात. म्हणून मतपत्रिकेवर विश्वस्तांची निवडणूक असते ती ओळ कराच्या ओळीपेक्षा कमी महत्त्वाची नाही, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत जास्त कोरी सुटते.

आणखी एक बारकावा, कारण तो हमखास विचारला जाईल. ‘आमच्या भागात घरे एवढी महागली, मग कॉलेजला आपोआप जास्त पैसा मिळत नाही का?’ बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये नाही. राज्याच्या सूत्रानुसार कॉलेजची पात्र रक्कम ठरते; स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स वाढला, की राज्य आपला वाटा तेवढा कमी करते. ज्या थोड्या डिस्ट्रिक्टचा स्थानिक कर त्या सूत्रापेक्षा जास्त भरतो, त्यांना वरची रक्कम ठेवता येते. आपल्या शेजारचे सॅन मटेओ आणि वेस्ट व्हॅली-मिशन ही त्यांपैकी उदाहरणे आहेत. तसेच शहर किंवा कौंटी साध्या बहुमताने सर्वसाधारण (कोणत्याही कामासाठी वापरता येणारा) कर बसवू शकते, पण १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नुसार कॉलेज डिस्ट्रिक्टला तो अधिकारच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ मध्ये महागड्या मालमत्तांच्या हस्तांतरणावरील कर शहराने वाढवला आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर सिटी कॉलेजमधील शिक्षण शहरवासीयांना मोफत केले, ते यामुळेच शक्य झाले. कॉलेजला स्वतः तसा प्रस्ताव आणताच आला नसता. कूपर्टिनो किंवा सनीव्हेलच्या नगरपरिषदेपुढे असा विचार मांडायचा, तर आधी हे लक्षात घ्यावे लागेल, की या डिस्ट्रिक्टमध्ये अनेक शहरे येतात आणि एका शहराच्या करातून सगळ्यांच्या मुलांचे शुल्क भरायला ते शहर सहसा तयार होत नाही.

जमाखर्च

सत्राच्या तारखेबद्दल एक सूचना. मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते, आणि नव्या नागरिकांना शपथविधीनंतर नोंदणी करायची राहून जाते. मुदत उलटली तरी मतदानाच्या दिवसापर्यंत केंद्रावर जाऊन सशर्त नोंदणी करून मत देता येते, पण रांग मोठी असते. प्रॉपर्टी टॅक्सचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत भरायचा असल्याने बिले शरद ऋतूत घरोघरी पोचलेली असतात. सत्र त्याच सुमारास ठेवलेत आणि प्रत्येकाला आपले बिल घेऊन यायला सांगितलेत, तर कॉलेजची ओळ शोधायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. भाडेकरूंसाठी एखाद्या बिलाची नाव-पत्ता झाकलेली प्रत काढून ठेवा.