हॉन्की-टॉन्क स्टील गिटार: पेडलने घडवली की बिघडवली?

आडवीतार
हॉन्की-टॉन्कची (अमेरिकन दारूच्या गुत्त्यांतलं कंट्री संगीत) अस्सल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवतात ती) म्हणजे डॉन हेल्म्सची, असं माझं स्पष्ट मत आहे. हेल्म्सची साथ असलेलं गायक हॅन्क विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट' (१९५२) लावा आणि गाणं सुरू होण्याआधीचे सूरच फक्त ऐका. गिब्सनची 'कन्सोल ग्रँडे', दोन माना (नेक), प्रत्येकीवर आठ तारा, पायाने दाबून तारेचा सूर बदलणारं पेडल एकही नाही. हेल्म्स मुद्दाम वरच्या घरांत (फ्रेट्सवर) वाजवायचा. खाली हॅन्कचा गळा आणि ऱ्हिदम गिटारची कट-कट, ड्रम जवळजवळ नसायचेच. स्टील वरच्या सप्तकात राहिली की ज्यूकबॉक्सच्या गोंगाटातही वेगळी उठून दिसते. १९५४ नंतर पेडलं आली आणि सगळे एकसारखे वाजू लागले.

दोन_पेडल
साफ असहमत! १९५४ म्हणताय म्हणजे गायक वेब पीअर्सच्या 'स्लोली' गाण्याकडेच बोट आहे ना? त्यात बड आयझॅक्सने बिग्सबी बनावटीच्या पेडल स्टीलवर काय केलं ते नीट बघा. पेडल त्याच्या आधीही होतं, पण बहुतेक जण दोन सुरांच्या मधल्या वेळेत ट्यूनिंग बदलण्यापुरतंच ते वापरत. आयझॅक्सने तारा वाजत असतानाच ते दाबलं.

सरगमच्या भाषेत सांगतो. पेडल स्टीलच्या आजच्या रूढ ई नाइन्थ ट्यूनिंगमध्ये बार तिसऱ्या घरावर, तारा ३, ४, ५. मिळतो जी मेजर कॉर्ड, म्हणजे ग, सा, प. ए आणि बी पेडल एकत्र दाबली की ग चा म होतो, प चा ध होतो, सा हलत नाही. बार जागचा न हलता सी मेजर. बारने मींड घेतली तर तिन्ही तारा एकदमच सरकणार. एक स्वर थांबलाय आणि दोन चालतायत, हे सरळ बारने होणं नाही.

आणि 'एकसारखे' कोण? स्टीलवादक बडी एमन्सने आयझॅक्सच्या एकाच पेडलचं काम दोन पेडलांत वाटलं. जिमी डेनेही तेच केलं, पण पेडलांचा क्रम उलटा लावला. आजही स्टील मागवताना 'एमन्स सेटअप की डे सेटअप' विचारतात.

आडवीतार
'सरळ बारने' म्हणालात ते बरं केलंत. तिरक्या बारने होतं की! स्टीलवादक जेरी बर्ड ऐका, हॅन्कचंच 'आय एम सो लोन्सम आय कुड क्राय' (१९४९). त्याच्या सी सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये दुसरी तार सी, तिसरी ए. सरळ बारला ए सा धरला तर वर कोमल गंधार. बारचं टोक एक घर पुढे तिरकं केलं की शुद्ध गंधार, सा तिथेच. बर्डने आयुष्यात पेडल घेतलं नाही आणि शेवटी हवाईला जाऊन राहिला.

दोन_पेडल
दोन तारांपुरतं मान्य. तीन तारांवर तिरका बार क्वचितच सुरात बसतो. शिवाय वर जाल तशी घरं अरुंद होतात, म्हणजे बाराव्या घराजवळचा कोन तिसऱ्या घरापेक्षा बराच कमी लागतो. तोच कोन ठेवलात की बेसूर. बर्डला ते साधलं म्हणून रात्रभर गुत्त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाला साधेल का?

षड्जपंचम
वाद चालू द्या, पण पेडलवाल्यांनी बेसूरपणावर फार बोलू नये. :) ई नाइन्थची जी शार्प तार ट्यूनरवर शून्याला लावली की कॉर्ड खरखरतो. ती सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवावी लागते. पेटीचा गंधार तानपुऱ्यावर चढा लागतो ना, तेच कारण.

दुसरं, 'सा हलत नाही' हे पूर्ण खरं नाही. दोन्ही पेडल दाबली की ताण वाढून सांगाडा किंचित वाकतो आणि न ओढलेली ई तारही दोन-चार सेंट उतरते. म्हणून काही जण पेडल दाबलेल्या स्थितीत ई तपासून मग मधला मार्ग काढतात.

तिसरी तार ०.०११ इंचाची. २४ इंच लांबीवर जी शार्पवरून ए पर्यंत ओढली जाते तेव्हा तुटायच्या बेतात असते, आणि तुटते ती बहुधा चेंजरवर (पेडल दाबल्यावर तार ओढणारा भाग), जिथे ती वळते. गठ्ठ्याने घेऊन ठेवा.

आडवीतार
बघा, हेल्म्सला यातलं काहीच नव्हतं!

दोन_पेडल
हेल्म्स थोर, वाद नाही. पॅट्सी क्लाइनच्या 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'मध्येही तोच आहे, पेडलांचा जमाना सुरू झाल्यानंतर. पण मग टॉम ब्रमलीचा 'टुगेदर अगेन'मधला (बक ओवेन्स, १९६४) सोलो पेडल न लावता काढून दाखवा. व्हॉल्यूम पेडल (फक्त आवाज कमी-जास्त करणारं) चालेल: सूर छेडताना अर्धंच दाबलेलं, आणि सूर विझत जाईल तसतसं हळूहळू पुढे. पहिल्या छेडीलाच पूर्ण दाबलंत तर पुढे वाढवायला जागाच उरत नाही.

आडवीतार
तिरक्या बारने पहिल्या दोन ओळी निघतील. तिसरीचं बघू.