बांगलादेशच्या भरवशावर पुन्हा संत्रा लावावा का?

प्रश्न (वरुड, अमरावती)
जुनी बाग काढून पोरगा पुन्हा संत्राच लावू म्हणते. आज कलम लावली तर २०४५ पर्यंतचा विचार करणं आलं. आमचा माल बांगलादेशात जाय. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं, २०२४ मध्ये तिथलं सरकारच गेलं. इकडे मार्चातच असं ऊन तापते की आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची, बोराएवढी फळं देठासकट खाली. जीव तुटतो. काय करावं?

उत्तर (मोर्शी)
भाऊ, सरकारं येतात-जातात. पाण्याचं बोला! आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनीत मुरते त्याहून जास्त आपण उपसतो. लावाच, पण गादीवाफ्यावर, ठिबकवर. कलम ज्यावर बांधतात तो खुंट जंभेरी लिंबापेक्षा रंगपूर लिंबाचा घ्या. खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग कमी, पाण्याचा ताणही सोसते.

उत्तर (अचलपूर)
काका, बांगलादेशाचंही पाण्यातच अडलं आहे. किनाऱ्याकडची भातशेती खारी होत चालली, वर ब्रह्मपुत्रेवर चीननं २०२५ मध्ये महाकाय धरणाचं बांधकाम सुरू केलं. डॉलर कमी पडले की असा देश आधी तांदूळ-तेल घेईल, फळावरच कर लावील. निम्म्याच रानात संत्रा ठेवा.

प्रश्नकर्ता
निम्म्याचं पटलं. रंगपूर खुंटाच्या खात्रीच्या कलमा कुठं मिळतील?